बॉस पडण्याआधी ठरवा

ऑनलाइन गेममध्ये अनेकांनी मिळून मारायचा मोठा शत्रू म्हणजे बॉस, आणि तो पडल्यावर मिळणाऱ्या मोजक्या वस्तू म्हणजे लूट. ही लूट कशी वाटायची हे बॉस पडण्याआधी ठरलेलं नसेल, तर त्या रात्री कोणालाही न्यायाने वागता येत नाही, असं माझं मत आहे आणि ते दिवसेंदिवस पक्कंच होत चाललंय. वस्तू पडली, सगळ्यांना दिसली, की त्यानंतर सुचवलेल्या प्रत्येक नियमामागे एखादा चेहरा दिसायला लागतो. ‘जुन्या माणसाला देऊया’ असं म्हणणारा बहुतेक वेळा स्वतः जुना असतो. ‘ज्याला जास्त उपयोग होईल त्याला द्या’ म्हणणारा नेमका ती वस्तू वापरणाऱ्या क्लासचा, म्हणजे पात्राच्या प्रकाराचा, निघतो. यात कोणी मुद्दाम लबाडी करत असतं असं मला वाटत नाही. हवी ती वस्तू समोर असली की डोकं आपोआप आपल्या बाजूची कारणं गोळा करायला लागतं.

मी हीलर खेळते, म्हणजे लढाईत बाकीच्यांना बरं करणारं पात्र. सुरुवातीपासून हीलरच. आमच्या गिल्डच्या, म्हणजे कायम एकत्र खेळणाऱ्या गटाच्या, लुटीचा हिशोबही माझ्याकडे असतो: कोणाला काय मिळालं, कोण किती रेडना (बॉस मारायच्या मोठ्या मोहिमांना) आलं, कोणी कशावर पास दिला, म्हणजे आपल्या वाट्याची वस्तू सोडली, याची शीट मी ठेवते. हे काम कोणालाच नको असतं. मला मात्र ते मनापासून आवडतं, कारण गिल्ड टिकणार की फुटणार हे मला त्या शीटमध्ये सगळ्यात आधी दिसतं.

हा प्रश्न ऑनलाइन गेम्सइतकाच जुना आहे. 1999 मध्ये एव्हरक्वेस्ट आला आणि त्यात लेडी व्हॉक्स आणि लॉर्ड नागाफेन नावाचे दोन ड्रॅगन होते. त्यांना मारायला मोठी टोळी लागायची, आणि हाती लागायच्या मोजक्या वस्तू. मग आफ्टरलाइफ नावाच्या गिल्डने त्याच वर्षी गुणांची पद्धत काढली. ड्रॅगन मारायला आलात की गुण मिळणार, वस्तू घेतली की गुण खर्च होणार. ड्रॅगन किल पॉइंट्स, म्हणजे डीकेपी, ते हेच. पुढे 2004 च्या शेवटी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आलं, त्यातल्या मोल्टन कोअर नावाच्या रेडमध्ये चाळीस-चाळीस जण उतरायला लागले, आणि बॉसमागे दोन-तीन वस्तू चाळिसात वाटायची वेळ आली, तेव्हा हीच पद्धत हजारो गिल्ड्सनी उचलली.

डीकेपीचं मला फार कौतुक आहे, कारण त्यात कोणाची मर्जी चालत नाही. तू आलास, तुझे गुण वाढले, ते वहीत दिसतात. पण त्यात दोन दुखणी आहेत आणि ज्याने हिशोब ठेवलाय त्याला ती लगेच कळतात. एक, लोक गुण साठवून बसतात. चांगली वस्तू पडते, तीन जणांना उपयोगी असते, पण प्रत्येक जण पुढच्या मोठ्या वस्तूसाठी थांबलेला, त्यामुळे ती वस्तू कोणीच घेत नाही आणि शेवटी फुकट जाते. दुसरं, नवा माणूस. जुन्यांकडे गुणांचा ढीग असतो, तो कधी पार होणार? यावर उपाय निघाले. शून्य बेरजेची पद्धत आली, ज्यात एकाने वस्तूसाठी मोजलेले गुण त्या रात्री हजर असलेल्या बाकीच्यांत सारखे वाटले जातात आणि एकूण गुण फुगत नाहीत. ईपीजीपी आली. त्यात मेहनतीचे गुण एका बाजूला, घेतलेल्या सामानाचे दुसऱ्या बाजूला, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागून जो आकडा येतो तो तुमचा क्रम. वर दर आठवड्याला दोन्हीकडचे ठरावीक टक्के घटतात, त्यामुळे जुना साठा आपोआप विरघळतो. मी आमच्याकडे हीच चालवते. भागाकार समजवायला पहिल्या दिवशी थोडा वेळ जातो, पण नंतर वाद होत नाहीत, कारण आकडा सगळ्यांसमोर असतो.

आधी ठरवणं किती मोलाचं आहे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मोल्टन कोअरमध्येच आहे. थंडरफ्युरी ही तलवार बनवायला दोन बाइंडिंग्ज लागतात. एक गार नावाच्या बॉसकडून पडते, दुसरी बॅरन गेडनकडून, आणि दोन्ही इतक्या दुर्मिळ की काही गिल्ड्सना महिनोन् महिने त्यातली एकही दिसत नाही. आता समजा पहिली पडली आणि सगळ्यांनी रोल केला, म्हणजे एक ते शंभरमधला आकडा टाकला आणि ज्याचा मोठा त्याची वस्तू. ती एका टँकला, म्हणजे पुढे राहून मार झेलणाऱ्याला, गेली. काही आठवड्यांनी दुसरी पडली, पुन्हा रोल, ती दुसऱ्याकडे. उचलली की ती वस्तू त्या पात्रालाच चिकटते, देता येत नाही. म्हणजे प्रत्येक रोल न्याय्य, तरी तलवार कोणाकडेच नाही. दोघांच्या बॅगेत अर्धा अर्धा तुकडा पडून राहणार. चाळीस जणांचा आठवड्यामागून आठवड्यांचा वेळ वाया. इथे एकच गोष्ट चालते: पहिल्या रेडच्या आधी सगळ्यांनी मिळून एक नाव ठरवायचं, ते लिहून ठेवायचं, आणि मग काहीही झालं तरी त्याला चिकटून राहायचं.

रोलबद्दल मात्र माझं मन दुहेरी आहे. एकदाच भेटणाऱ्या अनोळखी लोकांत एक ते शंभर आकडा टाकणं हाच सरळ मार्ग, यात वाद नाही. पण दर आठवड्याला भेटणाऱ्या माणसांत निव्वळ नशिबावर सोडणं मला निर्दयपणाचं वाटतं. गणित करून बघा. पाच जणांना तीच वस्तू हवी असेल तर प्रत्येकाची शक्यता वीस टक्के. अशा दहा वस्तूंवर रोल केल्यावरही एकही न मिळण्याची शक्यता जवळजवळ 11 टक्के उरते. आता हेच जरा खऱ्या परिस्थितीत आणू. समजा एखादी काठी पडण्याची शक्यता 15 टक्के आहे आणि चार हीलर्सना ती हवी आहे. दर आठवड्याला तुमच्या वाट्याला पावणेचार टक्के. 20 आठवडे एकही खाडा न करता आलात, आणि ती वस्तू दरम्यान कोणी घेतली तरी स्पर्धा तेवढीच राहिली असं धरलं, तरी रिकाम्या हाताने राहण्याची शक्यता 47 टक्के. जवळजवळ निम्मी! आणि ज्याला ती पहिल्याच आठवड्यात मिळाली तो अगदी प्रामाणिकपणे म्हणतो, ‘रोल होता, सगळ्यांना समान संधी होती.’ संधी समान होती, हे खरंच आहे. पण पाच महिने रिकाम्या हाताने येणाऱ्या माणसाला ते वाक्य ऐकवण्यात काय अर्थ आहे? कायमच्या गटाला आठवण ठेवता येते. अनोळखी पार्टीला ती ठेवता येत नाही, म्हणून तिथे रोल. आपल्याला येते, तर आपण ती ठेवलीच पाहिजे.

आता लूट काउन्सिल. यात तीन-चार जबाबदार माणसं बसून ठरवतात की वस्तू कुठे गेली तर सगळ्या गिल्डला जास्त फायदा. कागदावर ही पद्धत सगळ्यात शहाणी. प्रत्यक्षात काय होतं ते हीलर्सना विचारा. टँकला आधी, कारण तो मेला तर सगळे मेले. मग डीपीएसवाल्यांना, म्हणजे बॉसवर वार करणाऱ्यांना, कारण बॉस लवकर पडला तर हीलिंग कमीच लागतं. हे दोन्ही तर्क खरे आहेत! मी स्वतः टँकला आधी देण्याच्या बाजूची आहे. पण दोन्ही तर्क लावून झाल्यावर हीलर कायम शेवटी उरतो, आणि दर वेळी तेवढ्याच पटण्यासारख्या कारणाने. असं कारण एका आठवड्यापुरतं चालतं. तेच कारण सहा महिने सलग एकाच माणसाच्या विरोधात जात असेल, तर काउन्सिलने थांबून शीट बघायला हवी. फायदा गिल्डचा आणि वाट बघणं मात्र ठरावीक चौघांचं, असं चालू राहिलं की ते चौघे निघून जातात. मग बॉस लवकर पाडून दाखवा.

मी पूर्वी ज्या गिल्डमध्ये होते तिथे घडलेली एक गोष्ट मला अजून टोचते. तिथे हीलर्सच्या वस्तूंचा क्रम हजेरीवर ठरत असे, आणि तो बऱ्यापैकी पाळलाही जात असे. माझ्याबरोबरची एक हीलर, तिला आम्ही सगळे ताई म्हणायचो, एका विशिष्ट काठीसाठी थांबली होती. थांबली म्हणजे काय, तर मधल्या काळात बऱ्या बऱ्या वस्तू पडल्या, तिचा नंबर होता, आणि तिने पास दिला. ‘माझ्यापेक्षा याला उपयोग होईल, मी काठीच घेईन’ असं म्हणून. त्या वस्तू आमच्यापैकीच इतरांनी घेतल्या. शेवटी ती काठी पडली. व्हॉइस चॅटवर सगळे ताईचं अभिनंदन करायला लागले. तेवढ्यात लीडर म्हणाला की नियमाचा पुनर्विचार करावा लागेल, एक नवीन खेळाडू फार चांगला आहे, तो दुसऱ्या गिल्डकडे जायच्या बेतात आहे, ही काठी मिळाली तर थांबेल. काठी त्याला गेली.

ताईला वाईट वाटलं हे उघड आहे. पण मला खटकलं ते वेगळंच. नियम मागाहून बदलला तेव्हा तिची काठी तर गेलीच, शिवाय तिने त्या नियमावर विश्वास ठेवून जे जे सोडलं होतं तेही सगळं गेलं. तिचे पास परत मिळणार नव्हते. ज्यांनी त्या वस्तू घेतल्या त्यांच्या अंगावर त्या तशाच राहिल्या, आणि त्यात मीही होते. नियम बदलण्याचा अधिकार लीडरला असावा की नसावा यावर लोक तासन् तास वाद घालतात. माझं म्हणणं साधं आहे. जरूर बदला, पण पुढच्या आठवड्यापासून. जे लोक जुन्या नियमावर विसंबून वागले त्यांचा हिशोब आधी चुकता करा.

अनोळखी लोकांबरोबर खेळताना शीट नसते, काउन्सिल नसतं, असते ती फक्त रीत. नीड (मला लागते), ग्रीड (मिळाली तर हवी) आणि पास (नको) ही तीन बटणं. नीड दाबणारा ग्रीडवाल्यांच्या पुढे जातो, म्हणून ते बटण कोणी कधी दाबायचं यावर सगळी सभ्यता टिकून असते. काही गेम्सनी ही जबाबदारी स्वतःकडे घेतली. फायनल फँटसी फोर्टीनमध्ये तुम्ही ज्या जॉबवर, म्हणजे क्लासवर, आला आहात त्याला ती वस्तू घालता येत असेल तरच नीड दाबता येतं. जिथे अशी अडकाठी नाही तिथे मी जे पाळते ते सांगते. आज ज्या भूमिकेत आलेय त्यासाठी लागणारी वस्तू असेल तरच नीड. दुसऱ्या स्पेकसाठी, म्हणजे आज खेळत नसलेल्या भूमिकेसाठी, हवी असेल तर आधी चॅटमध्ये विचारते, ‘कोणाला मेन स्पेकसाठी नको असेल तर मी घेऊ का?’ आणि उत्तरासाठी खरंच थांबते. प्रश्न टाकून त्याच सेकंदाला नीड दाबणारे लोक असतात. त्यांनी विचारलं नसतं तरी चाललं असतं. विकण्यासाठी नीड कधीच नाही. एखादी वस्तू कोणी आधीच स्वतःसाठी राखली असेल तर ते पार्टी बनवतानाच लिहिलेलं हवं, म्हणजे ज्याला पटत नाही तो आत येणारच नाही. राखून ठेवण्यात मला गैर वाटत नाही. शेवटच्या बॉसपाशी पोचल्यावर ‘अरे हां, ही वस्तू माझी बरं का’ म्हणणं मात्र शुद्ध फसवणूक आहे.

आणि हरलात तर जिंकणाऱ्याचं अभिनंदन करा. एवढंच. ‘तुझ्याकडे तर याहून चांगली होती’ हे त्याला ऐकवून तुमच्या बॅगेत काही पडत नाही.

शूटर गेम्समध्ये तर सगळं काही सेकंदांत ठरतं, तरी तिथली रीत मला जास्त माणुसकीची वाटते. शत्रूला ज्याने नॉक केला, म्हणजे पाडला, त्याने त्याच्या सामानाचा क्रेट आधी बघायचा, पण ज्याचं वेस्ट (चिलखत) फुटलंय त्याला वेस्ट. स्नायपर असेल त्याला मोठा स्कोप. ज्याच्याकडे गोळ्या नाहीत त्याला आपल्यातल्या अर्ध्या, न मागता. एपेक्स लेजंड्स 2019 मध्ये आला तेव्हा त्याच्या पिंगचं, म्हणजे एखाद्या गोष्टीवर खूण करण्याच्या सोयीचं, मला फार अप्रूप वाटलं. वस्तूवर पिंग केलं की सगळ्यांना दिसते आणि दुसरा खेळाडू एका बटणावर ‘ही माझी’ असं सांगून ठेवू शकतो. भाषा एक नसलेले तीन अनोळखी लोक, माइक बंद, आणि तरी हक्क सांगता येतो आणि तो पाळलाही जातो.

डीप रॉक गॅलॅक्टिकमधलं एक उदाहरण मी नव्या लोकांना नेहमी देते. तिथे चौघांनी मिळून खणलेलं 80 नायट्रा खर्च केलं की दारूगोळ्याचा पॉड खाली येतो आणि त्यात चार कप्पे असतात. चौघांना एक एक. तुम्ही दोन घेतलेत तर गेम तुम्हाला अडवत नाही, कुठे कुलूप नाही, शिक्षा नाही. फक्त चौथा माणूस धावत येतो आणि पॉड रिकामा असतो. दुसऱ्याच्या वाट्याला हात न लावणं हे तिथे पूर्णपणे तुमच्यावर सोडलेलं आहे, आणि बहुतेक लोक तो वाटा खरंच ठेवतात. एखाद्याला दुसरा कप्पा हवाच असेल तर तो विचारतो. मला तो खेळ आवडण्याचं हे मोठं कारण आहे.

गेम बनवणाऱ्यांनी या भांडणांवर काढलेला उपाय म्हणजे प्रत्येकाची लूट वेगळी करून टाकणं. डायब्लो टूमध्ये वस्तू जमिनीवर पडायची आणि ज्याचा क्लिक आधी त्याची. डायब्लो थ्रीमध्ये, 2012 मध्ये, प्रत्येकाला फक्त आपलीच वस्तू दिसायला लागली. सी ऑफ थीव्हजमध्ये खजिना विकला की टोळीतल्या प्रत्येकाला सोनं पूर्णच्या पूर्ण मिळतं, वाटणीच नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने 2018 मध्ये लीडरच्या हातातली वाटणी काढून घेतली आणि सगळीकडे वैयक्तिक लूट लावली. चोरी एका फटक्यात बंद झाली हे मान्य. अनोळखी पार्टीसाठी मला तोच उपाय योग्य वाटतो. पण गिल्डसाठी? जी वस्तू तुमच्या काही कामाची नाही ती तुमच्याकडे यायची, शेजारी उभ्या असलेल्या मित्राला हवी असायची, आणि काही अटींमुळे ती देताच यायची नाही. चोराला थांबवताना देणाऱ्याचाही हात बांधला गेला. 2022 मध्ये त्याच गेमचा ड्रॅगनफ्लाइट हा नवा भाग आला तेव्हा रेड्समध्ये रोल परत आणला गेला. मला मनापासून आनंद झाला, जरी त्याबरोबर जुने वादही परत येणार हे ठाऊक होतं.

सोन्याची बोली लावून वस्तू विकायची आणि जमलेलं सोनं सगळ्यांत सारखं वाटायचं, ही जीडीकेपी पद्धत 2019 नंतर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये, म्हणजे त्याच गेमच्या जुन्या रूपात, फार पसरली. तत्त्व म्हणून ती चांगली आहे. ज्याला वस्तू मिळत नाही त्याला निदान मोबदला मिळतो, कोणी रिकाम्या हाताने जात नाही. लॉस्ट आर्कमध्ये तर हे गेममध्येच बसवलंय, जिंकणाऱ्याची बोली बाकीच्यांत वाटली जाते. पण बोलीचं सोनं बाहेरून खऱ्या पैशाने विकत घेतलेलं असू शकतं, आणि तसं झालं की रोज रेडला येणारा माणूस पाकीट उघडणाऱ्यासमोर हरतो. फेब्रुवारी 2024 मध्ये क्लासिकच्या सीझन ऑफ डिस्कव्हरी या आवृत्तीच्या दुसऱ्या टप्प्यापासून तिथे जीडीकेपीवर बंदी आली. काही चांगले गट त्यात उगाच भरडले गेले, तरी बंदी योग्य होती असंच मी म्हणेन.

आमच्याकडे प्रत्येक रेडच्या आधी मी चॅटमध्ये चार ओळी टाकते. पद्धत कोणती, आजचा क्रम कुठे बघायचा, काय राखलेलं आहे आणि कोणासाठी, आणि बदल सुचवायचा असेल तर आत्ताच सांगा, नाहीतर पुढच्या आठवड्यात. नेहमीच्या लोकांना त्या पाठ आहेत. तरी टाकते, कारण त्या रात्री एखादा नवा माणूस असतोच आणि त्याला विचारायचा संकोच वाटतो.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. ट्रायलवर, म्हणजे गिल्डमध्ये घ्यायचं का हे बघण्यासाठी, आलेल्या माणसाला पहिल्या रेडमध्ये वस्तू द्यावी का? निम्मे म्हणतात, घेऊन पळून जाईल. मी म्हणते, बॉस मारताना तो आपल्याइतकाच लढला, मग त्याचा आकडा आमच्याच शीटमध्ये आमच्याच सूत्राने लागला पाहिजे. सध्या तडजोड अशी आहे की कायमच्या कोणालाच नको असेल तरच ट्रायलला. पुढच्या बैठकीत मी हा मुद्दा पुन्हा मांडणार आहे, आणि रेडच्या रात्री मांडणार नाही.